फुलबागेचा माळी

संध्याकाळी फुलबागेत फेरी मारणाऱ्या लष्करकरांना तिचे मूळ सांगावयास नको. 1922 मध्ये माधवराव महाराजांच्या कारकीर्दीत ती खुली झाली. जवळजवळ मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज! माळी दरबारचा, तसे माझे वडीलही दरबारचे गवई. दोघांचा पगार एकाच तिजोरीतून, असे ते हसून सांगत.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले. आता बागेसाठी योजनेत बसेल असा अर्ज करावा लागतो. 2015 च्या ‘अमृत’ योजनेत बागांच्या वाट्याला राज्याच्या वार्षिक आराखड्यातले फार तर अडीच टक्के होते. 2016 मध्ये ग्वाल्हेर स्मार्ट सिटीच्या यादीत आले. त्या योजनेत केंद्राकडून एका शहराला 500 कोटींपर्यंत मदत होती. रक्कम थोडी नव्हे. पण अशा पैशातून प्रामुख्याने बांधकाम होते. माझ्या पाहण्यातल्या एका बागेत फरशी आली, दिवे आले, रोपांना पाणी घालणारा मात्र आला नाही. तंबोरा एकदा विकत घेता येतो, जुळवावा लागतो रोज!

2023 मध्ये युनेस्कोने आपल्या शहराला संगीतनगरी म्हणून गौरविले. तेव्हा पुढच्या अर्जात माळ्याच्या पगाराची तजवीज आणि सावलीतली चार बाके एवढे तरी मागावे. माझे विद्यार्थी पहाटे तेथेच खर्ज भरावयास बसतील.