सेटवर काम मिळतं, नोकरी नाही

घरातल्या मुलीनं ‘मला फिल्म लाइनमध्ये जायचंय’ असं जाहीर केलं की घरच्यांच्या डोक्यात दोनच शक्यता येतात. ती हिरॉइन होईल, नाहीतर वाया जाईल. गोरेगावच्या चित्रनगरीत, मढच्या बंगल्यांत, घोडबंदर रस्त्यावरच्या सेट्सवर सकाळच्या कॉल टाइमला डबा घेऊन हजर होणारी हजारो माणसं या दोन्हींत बसत नाहीत. ती कामावर आलेली असतात. या क्षेत्राबद्दलची आपली माहिती मात्र बहुतेक नटनट्यांच्या मुलाखतींतून येते, आणि मुलाखतीत कुणी आपलं पेमेंट किती महिने अडकलं होतं हे सांगत नाही. त्यामुळे काही समजुती फार घट्ट बसल्या आहेत.

‘कॅमेऱ्यासमोर जमलं नाही की माणूस कॅमेऱ्यामागे जातो’

सगळ्यात अन्यायकारक समजूत हीच. पडद्यामागची कामं ही हुकलेल्या नटांची सोय नव्हे. त्यातल्या प्रत्येक कामाला वेगळं डोकं आणि वेगळा हात लागतो.

फोकस पुलरचं काम पाहा. कॅमेरामन फ्रेम सांभाळत असतो, नट चालत पुढे येत असतो आणि लेन्सपासून त्याच्या डोळ्यापर्यंतचं अंतर क्षणाक्षणाला बदलत असतं. त्या अंतराबरोबर फोकस सरकवत राहायचा. लेन्स पूर्ण उघडलेली असेल तर डोळा स्पष्ट आणि कान धूसर इतका बारीक हिशेब असतो. रंग नंतर सुधारता येतो, आवाज पुन्हा भरता येतो. चुकलेला फोकस मात्र जवळपास कधीच दुरुस्त होत नाही, टेक पुन्हा घ्यावा लागतो.

किंवा कंटिन्युइटी सांभाळणारा सहायक दिग्दर्शक. चित्रण गोष्टीच्या क्रमानं होत नाही, जागेच्या क्रमानं होतं. दिवाणखान्यातले सगळे सीन एका दिवशी, अंगणातले दुसऱ्या दिवशी. म्हणजे तावातावानं दाराबाहेर पडलेली सून अंगणात पोचते ती कधी कधी तीन दिवसांनी. तेव्हा तिच्या त्याच हातात तीच पिशवी हवी, बट तिथेच सुटलेली हवी, मंगळसूत्र पदराच्या वर होतं तर वरच हवं. कुणीतरी हे सगळं टिपून, फोटो काढून ठेवलेलं असतं. प्रेक्षकाला त्या माणसाचं अस्तित्व जाणवतं ते फक्त चूक झाल्यावर.

आवाजाचंही तसंच. बरीच वर्षं हिंदी चित्रपटांचे संवाद नंतर स्टुडिओत डब होत, त्यामुळे सेटवर जनरेटर घरघरला तरी फारसं बिघडत नसे. २००१ च्या ‘लगान’मध्ये संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित केले गेले आणि पुढे ही पद्धत रुळली. तेव्हापासून ‘विमान जाऊ दे, मग टेक’ असं सांगून साऱ्या युनिटला थांबवण्याचा अधिकार साउंड रेकॉर्डिस्टकडे आला.

कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता वेशभूषेकडे वळल्या आणि १९८३ साली ‘गांधी’साठी ऑस्कर घेऊन आल्या. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. त्या काही नटी व्हायला निघाल्या नव्हत्या.

‘निर्माता पैसे घालतो, दिग्दर्शक म्हणेल तसं होतं’

चित्रपटाच्या बाबतीत हे अर्धवट खरं आहे, मालिकेच्या बाबतीत जवळपास खोटं. रोजच्या मालिकेत बहुधा वाहिनी ही गिऱ्हाईक असते. ती निर्मितीसंस्थेला दर भागामागे ठरलेली रक्कम देते आणि मालिकेचे हक्क स्वतःकडे ठेवते. गोष्ट कुठे वळणार हे वाहिनीची माणसं आणि लेखक मिळून ठरवतात. कथा, पटकथा आणि संवाद यांना तीन वेगळे लेखक असणं ही तिथे साधी गोष्ट आहे. दिग्दर्शकाच्या हातात सीन येतो तो बऱ्याचदा शूटिंगच्या आदल्या रात्री, कधी त्याच सकाळी. आणि निर्माता? तो आधी खर्च करतो, मग बिल लावतो. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते सतत पडत राहिले तर मालिका गुंडाळली जाते आणि युनिटमधली सगळी माणसं एकाच दिवशी मोकळी होतात. पुढची समजूतही इथेच कोसळते.

‘मालिका लागली की महिन्याचा पगार सुरू’

एके काळी खरोखर तसं होतं. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ साली पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी नटांपासून सुतारांपर्यंत सगळ्यांना महिन्याच्या पगारावर ठेवत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्टुडिओव्यवस्था मोडली. प्रभातही १९५० च्या दशकात बंद पडली. तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारनं चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी केली. तेव्हापासून या धंद्यात काम भरपूर आणि नोकरी दुर्मीळ आहे. वाहिन्यांची कार्यालयं, मोठ्या निर्मितीसंस्था आणि काही पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओ यांत पगारी पदं असतात. सेटवर ती शोधू नयेत.

सेटवरचा पैसा साधारण चार तऱ्हांनी येतो. लाइटमन, स्पॉट दादा, सेटिंगची माणसं, ज्युनिअर आर्टिस्ट यांचा हिशेब शिफ्टवर. नटांचा पर डे, आणि करारात महिन्याचे किमान दिवस लिहिलेले असले तर उत्तम. लेखकाचा बहुधा भागामागे. चित्रपटात कॅमेरामन, कलादिग्दर्शक, संकलक यांचं ठोक रकमेवर ठरतं आणि ती टप्प्याटप्प्यानं मिळते. मालिकांच्या सेटवर शिफ्ट बारा तासांची धरतात. घरून निघून घरी परतेपर्यंतचे तास कुणी मोजत नाही.

नव्या माणसाला खरा धक्का बसतो तो पुढेच. टीव्हीत काम केल्यानंतर नव्वद दिवसांनी पैसे देण्याची प्रथा आहे. जानेवारीतल्या कामाचे पैसे एप्रिलच्या अखेरीला किंवा मे महिन्यात. म्हणजे भूमिका मिळाल्याचे पेढे वाटले तरी पहिले तीन-चार महिने भाडं, जेवण आणि रिक्षा स्वतःच्या खिशातून. आपल्याकडच्या मुलाखतींत संघर्षाचे दिवस म्हणून ज्यांचं कौतुक होतं, त्यातले बरेच दिवस काम न मिळाल्याचे नसून केलेल्या कामाचे पैसे न मिळाल्याचे असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही रचना किती पोकळ आहे हे मार्च २०२० मध्ये उघडं पडलं. चित्रीकरण थांबलं आणि शिफ्टवर जगणाऱ्यांचं उत्पन्न त्याच दिवशी शून्यावर आलं. मदत मिळाली ती देणग्या आणि शिधा यांच्या रूपात. भरपगारी रजा असली काही गोष्ट त्यांच्यासाठी नव्हतीच. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरणाला बंदी आली तेव्हा अनेक मराठी मालिका गोव्याला हलल्या. मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यानंही परवानग्या मागे घेतल्या आणि युनिट्सना तिथूनही गाशा गुंडाळावा लागला.

पैशातून कापला जाणारा टीडीएस ‘गेला’ असं मानणारी मुलं तर पदोपदी भेटतात. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकराच्या पोर्टलवर दिसतो. एकूण उत्पन्नावर तेवढा कर लागत नसेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. दिसत नसेल, तर निर्मात्यानं कापला पण भरला नाही हे तरी कळतं.

‘या लाइनीत सगळं तोंडीच चालतं, कायदा नाहीच’

तोंडी चालतं हे खरं. कायदा नाही हे खोटं. चित्रपट कामगारांशी लेखी करार झाला पाहिजे, असं सांगणारा केंद्रीय कायदा १९८१ मध्येच झाला. त्याची मर्यादा अशी की तो फक्त कथाचित्रपटांपुरता आणि ठरावीक रकमेपर्यंत कमावणाऱ्यांपुरता होता. टीव्हीवर राबणारा माणूस त्याच्या बाहेरच राहिला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० यात ही चौकट रुंद झाली. ‘दृकश्राव्य कामगार’ या नावाखाली टीव्ही, वेब मालिका, जाहिराती, ॲनिमेशन आणि रिॲलिटी शोमधली कामंही आली, डबिंग आणि स्टंट करणारेही आले. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. लेखी करार मागणं हा आगाऊपणा नाही, एवढं त्यातून निघतं.

सेट हे कामाचं ठिकाण आहे, याबद्दलही शंका नको. केरळ उच्च न्यायालयानं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक चित्रपटाचं युनिट ही एक आस्थापना आहे आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी तिथे अंतर्गत समिती हवीच. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे ती लागते. मालिकेच्या सेटवर दहा माणसं तर नुसती लाइट आणि कॅमेरा विभागांतच भरतात.

‘कार्ड नसेल तर सेटवर पाऊल ठेवता येत नाही’

कार्ड म्हणजे कामगार संघटनेचं सदस्यत्व. मुंबईतल्या चित्रपट कामगारांच्या संघटनांचा महासंघ १९५६ पासून आहे. लोक त्याला नुसतं ‘फेडरेशन’ म्हणतात. नटांची, लेखकांची, कॅमेरामनची, लाइटमनची, मेकअपवाल्यांची अशा तीसच्या आसपास संघटना त्याला जोडलेल्या आहेत. या संघटनांनी शिफ्टचे दर वाढवून घेतले, बुडालेली पेमेंट्स वसूल करून दिली. २००८ मध्ये तर सेट बंद पाडून वाहिन्यांना जुने भाग दाखवायला लावले. त्यामुळे कार्डाचा उपयोग आहे, आणि टिकून काम करायचं असेल त्यानं ते जरूर काढावं.

पण ‘कार्ड नाही म्हणून काम करू देणार नाही’ हे कायद्यात बसत नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०१७ मध्ये, फक्त सदस्यांनाच काम देण्याचा आग्रह स्पर्धाविरोधी ठरवला आणि तो थांबवायला सांगितलं. त्याआधीचा निकाल जास्त बोलका आहे. मुंबईच्या मेकअप आणि केशभूषा करणाऱ्यांच्या संघटनेनं पन्नासहून अधिक वर्षं स्त्रियांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच दिलं नव्हतं. बायकांनी केस करायचे, चेहरा रंगवायचा पुरुषांनी. चारू खुराना यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम घटनाविरोधी म्हणून रद्द केला. महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्य असण्याची अटही त्याबरोबर गेली. आज सेटवर ब्रश हातात घेतलेली मुलगी दिसते तिच्यामागे हा निकाल आहे.

‘मुलाचं काम म्हणजे हौस, पैसे आईवडिलांचे’

बालकलाकारांच्या पालकांना बहुधा नियम माहीतच नसतात, किंवा माहीत असून सोयीचे नसतात. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाठोपाठ २०१७ मध्ये नियम आले. त्यांनुसार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते आणि लागोपाठ २७ दिवसांपेक्षा जास्त काम लावता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीतला किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून थेट जमा व्हायला हवा. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येत नाही, हेही नियमात स्पष्ट लिहिलं आहे. शाळा बुडवून बारा तासांच्या शिफ्टला बसणारं मूल पाहून ‘किती गुणी आहे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा: पाच तास.

‘डिप्लोमा हवा आणि मुंबई हवी’

दोन्ही उपयोगी आहेत, सक्तीचं एकही नाही. सेटवर प्रमाणपत्र फारसं कुणी पाहत नाही; सहायक म्हणून कुणाच्या हाताखाली काम केलं हे विचारतात. अपवाद आहेत. व्यावसायिक कामासाठी ड्रोन उडवायचा तर, अगदी छोटे ड्रोन सोडता, २०२१ च्या नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतंच. मुंबईचंही तसंच. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी संज्ञापनाचं शिक्षण घेतलं ते अहमदनगरच्या कॉलेजात. सातारा, वाई आणि कोल्हापूरच्या परिसरात गेल्या काही वर्षांत मालिका सलग चित्रित झाल्या आणि तिथल्या मुलांना आर्ट, प्रॉडक्शन, कॉश्च्यूम या विभागांत घरून जाऊन-येऊन काम मिळालं. डबिंग मात्र अजून मुंबईतच एकवटलेलं आहे.

तेव्हा पहिलं काम चालून आलं तर चार गोष्टी लेखी मागा, निदान व्हॉट्सॲपवर तरी: पद कोणतं, दर शिफ्टचा की भागाचा, शिफ्ट किती तासांची आणि पैसे कोणत्या तारखेला. भागांचा आणि शिफ्टचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवा. आणि भूमिका, कार्ड, ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘पोर्टफोलिओ’साठी कुणी आधी पैसे मागितले, तर दारातूनच परत फिरा. कास्टिंग डायरेक्टरला पैसे निर्माता देतो, ऑडिशनला आलेला माणूस नव्हे.