छातीत धडधड: धंद्याचं टेन्शन की सातवा कप?

दिघोरी म्हटलं की नागपूरवाल्यांना उमरेड रोडवरचा दिघोरी नाका आठवतो. मी बोलतोय ती आपली दिघोरी मोठी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. साकोली, लाखांदूर, वडसा या पट्ट्यातले बरेच जण आपले व्हिडिओ बघतात. कुणाला कृषी केंद्र टाकायचंय, कुणाला मोबाईल रिपेअरिंग, कुणाला नाश्त्याची गाडी. बोलता बोलता एक तक्रार नेहमी निघते: "सर, दुकान चालू केल्यापासून छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री झोप येत नाही. टेन्शन आलंय."

मी आधी टेन्शनबद्दल विचारत नाही. विचारतो, काल चहा-कॉफी किती झाली?

उत्तर असतं, "तीन-चार." मग मोजायला बसवलं की आकडा वाढत जातो. घरून निघताना एक. शटर उघडल्यावर शेजाऱ्याबरोबर एक. माल घेऊन आलेल्या गाडीवाल्याबरोबर एक. पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं की त्याच्यासाठी मागवलेल्या दोनमधला आपला एक. जेवणानंतर सुस्ती येते म्हणून कॉफी. चार वाजताचा ठरलेला. संध्याकाळी उधारी मागायला गेलो तिथे एक, आणि रात्री हिशोब मांडताना पुन्हा कॉफी. आठ झाले. नोकरीवाल्याला चहाची सुट्टी ठरलेली असते, दुकानदाराला तशी नसते, म्हणून मोजमापही राहत नाही.

सगळ्यांना आठ कप त्रास देतात असं मी म्हणत नाही. काही लोक रात्री दहाला कडक कॉफी पिऊन अर्ध्या तासात घोरतात. काहींना दुपारचा एक कप रात्री दोनपर्यंत जागवतो. हा ताकदीचा किंवा सवयीचा प्रश्न नाही, शरीराच्या बनावटीचा आहे. आपल्या यकृतात कॅफीन मोडणारं एक एन्झाइम असतं. कुणाचं जोरात चालतं, कुणाचं हळू, आणि ते बरंचसं जन्मतःच ठरलेलं असतं. त्यामुळे "मला तर काही होत नाही" असं सांगणाऱ्या मित्राचं ऐकून आपला कप ठरवू नका.

कॅफीन शरीरात काय करतं

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या जागी जाऊन बसलं की थकवा जाणवतो, झोप येते. कॅफीन त्याच जागेवर आधी जाऊन बसतं. थकवा संपत नाही, फक्त त्याची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर वसुलीवाला दाराबाहेर उभा आहे आणि आपण शटर खाली ओढलंय. कॅफीन उतरलं की तो आत येतोच.

उतरायला वेळ किती लागतो? साधारण माणसाच्या शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सुमारे ५ तास लागतात. कुणाला दीड-दोन तास पुरतात, कुणाला नऊच्या वर लागतात. आता हिशोब करा. संध्याकाळी सहा वाजता दिवसभराचं मिळून २०० मिलिग्रॅम शरीरात आहे. रात्री अकराला १००. पहाटे चारला ५०. म्हणजे पहाटे चार वाजता, गाढ झोपेत असायला हवं तेव्हा, अंगात एक कप चहा अजून फिरतोय. आणि हे मधल्या माणसाचं झालं. ज्याचं यकृत हळू आहे त्याच्या अंगात तेव्हा जवळजवळ दुप्पट असेल.

२०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. छोटाच होता, पण नेमका होता. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलं तर झोप एक तासाहून जास्त कमी झाली. गंमत म्हणजे यंत्रावर तास गेलेला स्पष्ट दिसला, लोकांना स्वतःला मात्र तेवढं जाणवलं नाही. म्हणून "मला कॉफीने झोपेवर फरक पडत नाही" या वाक्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आकडे, आपल्या टपरीचे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे कॅफीन जाऊ नये असं सांगितलंय. १५० मिलिलिटरचा कप धरला तर उकळलेल्या किंवा फिल्टरच्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम.

आता तुम्ही म्हणाल, सर, आमच्याकडे कट चाय मिळते, दीडशे मिलिलिटर कोण देतो? बरोबर आहे. पण कपाचा आकार फसवतो. कॅफीन पाण्यावर नाही, पत्तीवर ठरतं. कोरड्या चहापत्तीत ढोबळमानाने ३ टक्के कॅफीन धरा. २५० ग्रॅमच्या पुड्यात झालं साडेसात ग्रॅम, म्हणजे ७,५०० मिलिग्रॅम. त्या पुड्यातून टपरीवाला दीडशे कट काढत असेल तर एका कटात ५० मिलिग्रॅमपर्यंत. लहान ग्लास, पण माल मोठ्या कपाएवढाच. स्वतःची टपरी असेल तर हा हिशोब आजच करून बघा, पत्तीचा खर्चही त्यातच कळेल.

सहा कट चहाचे ३००, दोन इन्स्टंट कॉफीचे १२०, एकूण ४२०. सोसत असेल त्यालाही हे जास्त आहे. ज्याला कॅफीन मानवत नाही त्याची धडधड मग धंद्याच्या टेन्शनच्या नावावर खपते.

खिशाचा हिशोबही सांगतो, कारण तो लवकर पटतो. दिवसाला आठ कप, दहा रुपये दराने, महिन्याचे २,४०० रुपये. मुद्राच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. तेवढं कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १,६६० रुपये बसतो. चहाचं खातं हप्त्यापेक्षा मोठं, आणि ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. साखर वेगळी. कपाला दोन छोटे चमचे धरले तर दिवसाला साठ ग्रॅमच्या वर जाते.

काही गोष्टींनी कॅफीनचा वेग बदलतो

हा भाग आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबतो. बिडी-सिगारेटच्या धुराने यकृतातलं ते एन्झाइम जोरात चालतं, म्हणून ओढणाऱ्याला कॅफीन लवकर उतरतं आणि तो जास्त पितो. बिडी सोडली की काही दिवसांत तो वेग खाली येतो. कप मात्र तेवढेच राहतात. माणूस म्हणतो, बिडी सोडल्यापासून बेचैनी वाढली. त्यातली थोडी बेचैनी बिडीची असेलही, पण बाकीची चहाची असू शकते. बिडी सोडताना चहाही निम्म्यावर आणा. हे काम धुराचं आहे, तंबाखूचं नाही. त्यामुळे खर्रा खाणाऱ्यांनी यात स्वतःला धरू नका. (खर्रा सोडा हे वेगळं सांगायला नको.)

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफीन उतरायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, त्याहूनही जास्त. बचत गटातल्या ताईंनी हे लक्षात ठेवावं. गरोदर असताना दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात, आणि डॉक्टरांनी त्याहून कमी सांगितलं असेल तर तेच पाळायचं. जुलाबासाठी दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिनही कॅफीन अडवून धरतं. त्या चार-पाच दिवसांत कॉफी नकोच.

अशक्तपणा असेल, रक्त कमी असेल तर जेवणाच्या एक तास आधी आणि एक तास नंतर चहा-कॉफी टाळा. त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. जेवणानंतर लगेच कप हवाच असतो आपल्याला, मला माहीत आहे. तोच सगळ्यात महागात पडतो.

कमी कसं करायचं

एका दिवसात बंद करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडलं तर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, आणि हे दोन ते नऊ दिवस चालू शकतं. कडक उपवासाच्या दिवशी, ज्या दिवशी चहाही घेत नाही, दुपारनंतर डोकं ठणकतं ना? बऱ्याचदा ते हेच असतं. मग आपण मेडिकलमधून गोळी आणतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफीनच असतं, पाकिटाच्या मागे वाचून बघा. गोळीने बरं वाटतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

माझी पद्धत दुकानदाराची आहे. आठवडाभर रोजकीर्द ठेवा. वेळ, काय घेतलं, का घेतलं, आणि रात्री झोप कधी लागली. "का घेतलं" हा रकाना सगळ्यात कामाचा. त्यात "तहान", "झोप आली" असं कमी आणि "समोरच्याने मागवला" असं जास्त निघेल. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचे कप काढा, सकाळचे राहू द्या. रात्री दहाला झोपायचं असेल तर शेवटचा कप दुपारी दोनच्या आत. तिसऱ्या आठवड्यापासून दर तीन-चार दिवसांनी एक कप अर्धा करा. डोकं दुखलं तर एक पाऊल मागे या, पण पूर्ण आठवर जाऊ नका.

समोरच्याला नाही कसं म्हणायचं, हा खरा प्रश्न. आपल्याकडे चहा नाकारला की माणसाला लागतं. "काहून भाऊ, चाय नाई घेत? नाराज आहे का?" अशा वेळी "सोडलंय" असं म्हणू नका, त्यावर चर्चा सुरू होते. "भाऊ, आत्ताच झाला, पाणी द्या थंडगार" म्हणा, आणि पाणी खरंच प्या. काहीतरी घेतलं की मान राहतो. तुमच्या दुकानात येणाऱ्यासाठी ताक, लिंबूपाणी ठेवता येतं का तेही बघा.

छातीत दुखणं, ठोके चुकल्यासारखे वाटणं, चक्कर येऊन पडणं, बीपी वाढलेलं असणं यातलं काही असेल तर रोजकीर्द बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. सगळी धडधड कॉफीची नसते.

ज्यांना चहा-कॉफीच विकायची आहे

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडई आणि नाटकांचा सीझन सुरू होतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात, नाटक रात्री उशिरा उघडतं आणि उजाडेपर्यंत चालतं. मंडपाबाहेर चहाची गाडी लावणाऱ्याची वर्षातली मोठी कमाई याच रात्रींत होते. आणि तो स्वतः काय करतो? गिऱ्हाइकाबरोबर तासातासाला पितो, सकाळी सामान बांधून गाडी हाकत घरी निघतो, परत नऊला दुकान. पाच रात्री असं केलं की कॅफीन डोळे उघडे ठेवतं, हात आणि नजर जाग्यावर ठेवत नाही. रस्त्यावर एक क्षण डुलकी लागायला पुरे आहे. रात्रीच्या गाडीला दुसरा माणूस जोडा, अर्धी रात्र वाटून घ्या आणि सकाळी झोप झाल्याशिवाय गाडीला किक मारू नका. त्या माणसाची मजुरी खर्चात धरूनच दर ठरवा.

वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्यांबद्दल बरेच जण विचारतात, कारण त्यात मार्जिन आहे. नियमाने या पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ पर्यंत. लहान मुलांसाठी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी, कॅफीन न सोसणाऱ्यांसाठी योग्य नाही असं बाटलीवरच लिहिलेलं असतं. शाळेजवळ दुकान असेल तर गणवेशातल्या पोराला ती देऊ नका. वीस रुपयांतले तुमचे दोन-तीन रुपये जातील, जाऊ द्या.

आणि कॅफीन न सोसणारं गिऱ्हाईक हेही गिऱ्हाईकच आहे. संध्याकाळी सहानंतर टपरीवर आलेला चाळिशीचा माणूस "नको, झोप येत नाही" म्हणून परत जातो. त्याच्यासाठी काय आहे? डिकॅफ कॉफी आपल्या बाजारात सहज मिळत नाही, महाग पडते, आणि तीही पूर्ण कॅफीनमुक्त नसते. चिकोरी मिसळलेली पावडर मात्र मिळते. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नसतं. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. चिकोरी जास्त असलेली पावडर घेतली तर कडू चव राहते, कॅफीन कमी होतं, आणि ती सहसा स्वस्तही पडते. "संध्याकाळची हलकी कॉफी" म्हणून वेगळ्या थर्मासमध्ये ठेवा आणि विचारलं तर चिकोरीची आहे हे सरळ सांगा. पूर्ण बिनकॅफीनचं हवं असेल त्याला सुंठ-गवती चहाचा काढा, दुधाबरोबर किंवा दुधाशिवाय, फक्त त्यात पत्ती टाकू नका. आधी आठवडाभर वीस कपच बनवा, किती उरतात ते लिहा, मग पातेलं मोठं घ्यायचं की नाही ते बघा.