ताळेबंदावर सही होण्यापूर्वी

विविध कार्यकारी सोसायटीचे हिशेबी वर्ष 31 मार्च रोजी संपते. परंतु तपासनिसाची खरी कसोटी एप्रिलच्या कीर्दीत असते, हे पुष्कळ सभासदांस ठाऊक नसते.

कीर्द, खतावणी व तेरीज जुळली, बँकेचा शिल्लक-दाखला आला, म्हणजे तपासणी संपली असे नव्हे. सही करावयाच्या दिवसापर्यंत जे घडले तेही त्यास पाहावे लागते. मार्चअखेर एखादे पीककर्ज पूर्ण वसूल दिसावे, आणि आठवड्याभरात त्याच खात्यावर तितकीच रक्कम पुन्हा नावे पडावी, यास आपण ‘नवे-जुने’ म्हणतो. रोकड खरोखर आली असेल तर हरकत नाही. केवळ पावत्याच फिरल्या असतील तर थकबाकी झाकली जाते, बुडीत कर्जाची तरतूद अपुरी पडते आणि नसलेल्या नफ्यातून लाभांश वाटला जातो. तो जातो आपल्याच भागभांडवलातून! मार्चअखेरची वसुली अशी कागदावर चढताना प्रस्तुत लेखकाने महसुली कारकुनीत डोळ्यांनी पाहिली आहे.

अखेरीस तपासनीस चुकीच्या नोंदी दुरुस्त करवितो, संचालकांचे लेखी निवेदन घेतो व अहवाल देऊन सोसायटीस वर्ग लावतो. सभेत आपण वर्ग व लाभांश तेवढा विचारतो. 1960 च्या सहकारी कायद्याच्या कलम 82 प्रमाणे व्हावयाची दोषदुरुस्ती कोणी विचारीत नाही.

शिल्लक पडताळणीची चिठ्ठी घरी आली, तर न वाचता अंगठा अगर सही करू नये. आकडा चुकीचा वाटल्यास तपासनिसास तत्काळ लेखी कळवावे. सही झाल्यावर ते काम फार जड जाते.