पहिल्यांदा खेकडे उकडताना

समुद्रापासून दूर वाढलेल्या माणसाला खेकडा भेटतो तो राशिचक्रात, नाही तर मुलांच्या गोष्टीत. माझे बालपण सोलापुरात गेले. ओढ्याकाठचे खेकडे पकडून त्यांचा रस्सा सर्दी-पडशावर देतात, एवढे ऐकून ठाऊक होते. परंतु जिवंत खेकडा हाती धरण्याचा प्रसंग वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत आला नव्हता. विवाहानंतर मालवणच्या सासरी कुर्ल्यांचे कालवण पोटभर खाल्ले. मात्र तिथले स्वयंपाकघर हा सर्वस्वी सासूबाईंचा प्रांत. आमच्या वाट्याला येई ते भरलेले ताटच.

यजमानांच्या बदलीमुळे आमचे बिऱ्हाड सध्या कोलकात्यात आहे. सासूबाई गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मामंजी आमच्याकडे राहावयास आले. वर्षभरात त्यांनी सासूबाईंचा विषय एकदाही काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, "इथे कुर्ल्या चांगल्या मिळतात म्हणे. थंडीत ती नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडायची." पुढे ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गडियाहाटच्या बाजारात गेले.

आपल्याकडे मुंबई-रायगडच्या बाजूस जी चिंबोरी आणि मालवण-गोव्यात जी कुर्ली, तीच बंगालात 'काँकडा', तमिळनाडूत 'नंडू' आणि आंध्रात 'पीता' होते. भारताच्या पूर्व व पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर, खाड्यांच्या तोंडाशी तिवरांच्या चिखलात ती वाढते. कोलकात्यात येणारे पुष्कळसे खेकडे सुंदरबनातले असतात. लांब दोरीला आमिष बांधून माणसे अरुंद खाड्यांतून होडीने ते धरीत असतात आणि त्याच चिखलात वाघही वावरत असतो. दरवर्षी काहीजण त्या जंगलातून परत येत नाहीत. टोपलीतल्या खेकड्याचा भाव मला जास्त वाटला होता. हे समजल्यावर घासाघीस करण्याची इच्छा राहिली नाही.

विक्रेता मोठा बोलका होता. "बौदी, आकार पाहू नका, वजन पाहा," असे सांगून त्याने दोन सारख्या दिसणाऱ्या खेकड्या माझ्या दोन हातांत दिल्या. एक जड, दुसरी आश्चर्य वाटावे इतकी हलकी. कारण साधे आहे. खेकड्याचे कवच वाढत नाही. वाढायचे असेल तेव्हा तो जुने कवच टाकतो आणि पाणी शोषून नवे, मोठे कवच धारण करतो. त्यात मांस भरावयास अवकाश लागतो. अशी कात नुकतीच टाकलेली खेकडी म्हणजे आपल्या कोकणी भाषेत 'पोकळ'. पोटाकडून, मागच्या पायाच्या मुळाशी अंगठ्याने दाबून पाहावे. कवच दबले तर ती ठेवून द्यावी. अमावास्येच्या सुमारास कुर्ल्या भरलेल्या व पौर्णिमेला पोकळ असतात, असे मामंजी सांगत आणि बाजारात जाताना पंचांग पाहत. मी अंगठ्यावर विसंबते. पोटावरची दुमडलेली शेपटी निमुळती असेल तर नर, रुंद व गोलाकार असेल तर मादी. पिकलेल्या मादीत केशरी लाख मिळते. नराच्या नांग्या मोठ्या, म्हणून मांस अधिक. शेपटीखाली बाहेरून अंड्यांचा पुंजका चिकटलेली मादी मात्र घेऊ नये. तिच्याबरोबर पुढची हजारो पिल्ले आपल्या पातेल्यात येतात.

चार खेकडे घेतले. नांग्या सुतळीने करकचून बांधलेल्या होत्या. ही सुतळी खेकडा शिजेपर्यंत सोडावयाची नसते, हे येथेच सांगून ठेवते.

घरी येऊन मी मोठ्या पातेल्यात पाण्याला आधण आणले, मीठ टाकले आणि एक खेकडा चिमट्याने धरून सरळ आत सोडला. पुढचे अर्धे-पाऊण मिनिट मला विसरता येत नाही. झाकण हातातून उडाले. आत जो धडपडीचा आवाज झाला, तो भांड्यांचा नव्हता. मी गॅस बंद केला नाही, खेकडा बाहेर काढला नाही, नुसती उभी राहिले. काही वेळाने पाहिले तो चार-पाच पाय धडापासून सुटून पाण्यात तरंगत होते. संकटात सापडलेला खेकडा आपले पाय स्वतःच गाळून टाकतो, हे नंतर कळले. पाय सुटलेल्या छिद्रांतून पाणी आत शिरल्याने मांसही पाणचट झाले होते. ते कोणी खाल्ले नाही.

उरलेले तीन मी ओल्या गोणपाटाखाली, न्हाणीघराच्या गार कोपऱ्यात ठेवले. कल्ले ओलसर राहिले तर हे खेकडे पाण्याबाहेरही दीर्घकाळ तग धरतात. मग मालवणला नणंदेस दूरध्वनी केला. आई हे कसे करीत असत, असे विचारले. ती थोडा वेळ थांबली. "खरं सांगू वहिनी, मला माहीत नाही. आई दार लावून घ्यायची."

उत्तर मिळाले ते शेजारच्या घरी. तेथे प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात. माझी हकिकत ऐकून त्या हसल्या नाहीत. खेकड्याला वेदना होतात किंवा नाही, हा आता केवळ हळव्या मनाचा प्रश्न राहिलेला नाही, असे त्यांनी सांगितले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील रॉबर्ट एलवुड व बॅरी मगी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किनाऱ्यावरच्या खेकड्यांना दोन अंधारी आसरे दिले होते. एका आसऱ्यात विजेचा सौम्य धक्का बसे. दोन-तीन अनुभवांनंतर खेकडे तो आसरा टाळू लागले. स्वित्झर्लंडमध्ये १ मार्च २०१८ पासून शेवंडासारखे प्राणी बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकण्यास बंदी आहे आणि ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने खेकड्या-कोळंब्यांना संवेदनशील प्राण्यांत स्थान दिले आहे. हे ऐकून मला धीर आला, असे म्हणता येणार नाही. परंतु पुढे काय करावयाचे, हे कळले.

मग खेकडा अगोदर मारून आणला तर काय बिघडते? बिघडते ते मांसच. प्राण जाताच त्याच्या पोटातील पाचक रस त्याच्याच मांसाला विरघळवू लागतात आणि जंतूंची वाढही झपाट्याने होते. त्यामुळे मेलेला आणि उग्र वास येणारा खेकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. प्राण घेणे आणि शिजवणे यांत अंतर पडू न देणे, एवढाच मार्ग उरतो. म्हणजे ते काम घरात, आपल्याच हाताने करावे लागते.

दुसऱ्या दिवशी एका बादलीत मिठाचे पाणी आणि भरपूर बर्फ घालून त्यात तिन्ही खेकडे ठेवले. थंडीने त्यांची हालचाल मंदावत गेली. अर्ध्या तासाने पाय ओढून पाहिले, डोळ्यांना स्पर्श केला; काहीही प्रतिसाद नव्हता. निदान वीस मिनिटे तरी द्यावीत आणि प्रतिसाद पूर्ण थांबल्याखेरीज पुढे जाऊ नये. नंतर एकेक खेकडा उताणा करून शेपटी उचलली. तिच्याखाली एक खळगा असतो. तेथे जाड दाभण जोराने आत घालावयाचे, आणि लगेच दुसऱ्यांदा समोरून, डोळ्यांच्या मधोमध. खेकड्याची मज्जाकेंद्रे अशी दोन ठिकाणी असतात. एका घावाने काम भागत नाही. पहिल्या वेळी माझा हात कापला. तिसऱ्या वेळी कापला नाही, याचेही मला बरे वाटले नाही. मागे वळून पाहिले तो मामंजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते, कोण जाणे.

पुढचे सारे सोपे. लिटरभर पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण समुद्राच्या पाण्याइतके खारट. पाणी खळखळून उकळत असतानाच खेकडे सोडावेत आणि पुन्हा उकळी फुटल्यापासून वेळ मोजावा. अर्धा किलोच्या खेकड्यास १२ मिनिटे, किलोभराच्यास १८ ते २०. हिरवट-काळे कवच पाहता पाहता शेंदरी होते. तो रंग आतच असतो. एका प्रथिनाशी बांधला गेल्यामुळे दिसत नाही, आणि उष्णतेने ते प्रथिन मोडले की उघडा पडतो. निवल्यावर शेपटी उपटून वरचे कवच उचलावे, दोन्ही बाजूंचे पिसांसारखे करडे कल्ले व डोळ्यांमागची लहान पिशवी काढून टाकावी. ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांनी खेकडाही टाळावा; त्रास देणारे प्रथिन उकळल्याने नाहीसे होत नाही.

या वेळी एकही पाय सुटला नव्हता. मसाला नाही, खोबरे नाही. परातीत तीन शेंदरी खेकडे आणि बाजूला लिंबाच्या फोडी. नांग्या फोडण्यासाठी मी वरवंटा आणावयास उठले, तोच मामंजींनी खुणेनेच मला बसविले. पानाच्या डब्यातला अडकित्ता काढून त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला आणि नांगीचा सांधा नेमका कातरला. पांढरेशुभ्र मांस अखंड बाहेर आले. ते त्यांनी माझ्या ताटात ठेवले.

"ती दार लावून घ्यायची," ते म्हणाले, "म्हणून मी कधी विचारलं नाही."

मग दुसरी नांगी त्यांनी स्वतःकरिता घेतली.