जुन्या सामानाची बाजू

लोणार तालुक्यातलं बीबी हे मेहकर आणि सिंदखेड राजा यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचं गाव. आजूबाजूचा सारा पट्टा सोयाबीन, कापूस आणि तुरीचा, आणि बरीचशी जमीन कोरडवाहू. अशा गावात घरासाठी मोठी वस्तू घ्यायची तर तिची किंमत पिकात मोजावी, म्हणजे तिचा खरा भार कळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. समजा, दुकानातला नवा सोफासेट पंधरा हजारांचा आहे. हमीभाव पुरा हाती पडला तरी जवळपास तीन क्विंटल सोयाबीन त्या एका सोफ्यात जातं. आपल्याकडे सोयाबीन एकरी पाच-सहा क्विंटल पिकलं तरी शेतकरी वर्ष बरं गेलं म्हणतो, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, मजुरी, काढणी वजा व्हायची असते. म्हणजे एकरभर रानातून जे काही हाती उरतं, ते बहुतेक सगळं त्या सोफ्याच्या वाट्याला जातं. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलढाणा जिल्हा होता. कर्जाचं दुखणं इथे जुनं आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की हात आखडता असताना घराला नवी कळा द्यायची असेल, तर आधी जुनं पण भक्कम लाकडी आणि लोखंडी सामान शोधावं, थोडे पैसे त्याच्या दुरुस्तीवर घालावेत, आणि नव्या तकलादू सामानासाठी हप्ते अंगावर घेऊ नयेत.

या मुद्द्याला घराच्या आकाराचीही जोड आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. योजना सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचं अनुदान ठरलं. या रकमेत भिंती आणि छत उभं राहताना घरच्यांची दमछाक होते, सामानासाठी काही उरत नाही. पुढे दुकानातलं सामान बनतं ते शहरातल्या मोठ्या दिवाणखान्याच्या मापाने. तीन अधिक एक अधिक एक असा सोफा २७० चौरस फुटांत शिरला की माणसांना पाय पसरायला जागा राहत नाही. जुन्या सामानाचं तसं नाही. खाली पेटारा असलेला दिवाण दिवसा बैठक आणि रात्री अंथरूण होतो, धान्य-पांघरुणांची सोयही करतो. लोखंडी पेटीवर जाड गादी टाकली की बाकडं तयार होतं. बाज सकाळी उचलून अंगणात ठेवता येते. लहान घरात कसं राहायचं याचा विचार करूनच या वस्तू घडल्या होत्या, त्यामुळे त्या आजच्या घरकुलातही चपखल बसतात.

आता स्वस्तातलं नवं फर्निचर म्हणजे नेमकं काय, ते पाहू. कमी किमतीचं कपाट, ड्रेसिंग टेबल किंवा पलंग बहुधा पार्टिकल बोर्डचा असतो. लाकडाचा भुसा आणि चुरा रसायनाच्या चिकट्यात कालवून, दाबून त्याच्या फळ्या करतात आणि वरून लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवतात. या फळीला पाण्याचं वावडं आहे. पावसाळ्यात जमिनीतून ओल आली, फरशी पुसताना पाणी मुरलं, की खालची कड फुगते आणि एकदा फुगली की पुन्हा मूळ आकारात येत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा भुशातून सुटला तर त्याच भोकात परत घट्ट बसत नाही, आणि सुतारालाही रंधा मारण्याजोगं त्यात काही सापडत नाही. बहुतेक बोर्डांच्या चिकट्यात फॉर्मल्डिहाइड असतं. नव्या बोर्डातून ते काही काळ हवेत सुटत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. चांगल्या प्रतीच्या बोर्डात त्याचं प्रमाण मर्यादेत ठेवलेलं असतं हे खरं, पण जिथे पैसा-पैसा वाचवून माल बनतो तिथे प्रतीची हमी कोण देणार?

याउलट जुन्या सागवानाचं गणित पाहा. सागाच्या गाभ्यातच वाळवीला नकोशी द्रव्यं असतात. चाळीस-पन्नास वर्षं वापरलेलं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, त्यामुळे ते आता पिळवटत नाही आणि सहसा तडकतही नाही. वरचा थर रंध्याने काढला की आतून तोच तांबूस-सोनेरी रंग वर येतो. लोखंडी सामानाला आणखी एक आधार आहे. गोदरेजने पोलादी कपाटं बनवायला १९२३ मध्ये सुरुवात केली, आणि त्या घाटाची कपाटं पुढे गावोगावच्या कारागिरांनीही घडवली. असं कपाट पत्रा कुजल्याशिवाय निकामी होत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळया होतात, त्यामुळे या भागात जुन्या लोखंडाला किलोमागे भाव नेहमीच असतो. भंगाराचा भाव हा त्या कपाटाच्या किमतीचा तळ आणि नव्या कपाटाची किंमत हे त्याचं टोक. या दोन्हींच्या मधे कुठेही सौदा ठरला तरी विकणाऱ्याला भंगारवाल्यापेक्षा जास्त मिळतं आणि घेणाऱ्याला दुकानापेक्षा कमी लागतं. दहा वर्षांनी ते विकायची वेळ आली तरी वजनाचे पैसे हातात येतातच. पार्टिकल बोर्डच्या कपाटाला मात्र शेवटी भंगारवालाही हात लावत नाही.

असं सामान मिळतं कुठे? मुंबईत चोरबाजार आहे, जोगेश्वरीला ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं आहेत, पुण्यात जुना बाजार भरतो. बीबीसारख्या गावाला इतकं लांब जायची गरज नाही. या पट्ट्यातली जुनी माळवदाची घरं उतरवून त्यांच्या जागी स्लॅब पडत आहेत. त्या घरांतली दारं, चौकटी, फळ्या, तुळया निघतात, आणि त्यांतल्या कित्येक सागवानी असतात. दाराच्या एका जाड फळीतून जेवणाचं टेबल होऊ शकतं. तुळईचं किंवा ओंडक्याचं लाकूड वाहून न्यायचं असेल तर वन विभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. दुसरी जागा सरकारी आणि सहकारी कार्यालयांची. वापरातून बाद ठरलेल्या सामानाचं निर्लेखन होतं आणि ते जाहीर लिलावात निघतं. शाळेचे बाक, कार्यालयाची टेबलं, फायलींची कपाटं दिसायला साधी असली तरी रोजच्या धसमुसळ्या वापरासाठी केलेली असतात. तिसरी जागा बदलीवर निघालेल्या कुटुंबांची. शिक्षक, बँकेचे कर्मचारी, ग्रामसेवक उन्हाळ्यात गाव सोडतात तेव्हा जड पलंग सोबत नेण्यापेक्षा इथेच विकणं त्यांना परवडतं. मेहकर, जालना, चिखली इथल्या ओळखीच्या माणसांना सांगून ठेवलं तर मे-जून महिन्यांत चांगली वस्तू नजरेत येते. कोणाकडूनही घ्या, साध्या कागदावर नाव, वस्तू, रक्कम आणि सही घ्यायला विसरू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि प्रामाणिक माणसाला असा एक कागद पुष्कळ त्रासातून वाचवतो.

घेताना डोळ्यांपेक्षा हातांवर विश्वास ठेवावा. टेबल कोपऱ्याला धरून हलवावं. सांधे डुगडुगत असतील तर ते दुरुस्त होतात, पण पायाचं लाकूडच चिरलं असेल तर वस्तू सोडून द्यावी. लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं असतील आणि खाली पिठासारखा ताजा भुगा पडत असेल, तर आत कीड जिवंत आहे. मातीच्या रेषा वर चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी. फळीची कड फिकट, पांढुरकी असेल तर तो सागाच्या बाहेरचा कच्चा भाग, कीड आधी तिथेच लागते. कपाटाचा तळ आणि मागचा पत्रा बोटाने दाबून पाहावा, कारण गंज तिथे सुरू होतो. वस्तू पसंत पडली की पुढचा पैसा सुताराकडे आणि वेल्डिंगवाल्याकडे वळवावा. सांधे खोलून फेव्हिकॉल घालून पुन्हा बसवणं, रंधा मारणं, पॉलिश पेपरने घासणं आणि वर तेलपाणी करणं ही कामं गावातच होतात. जवसाचं तेल हे विदर्भाच्या ओळखीचं तेल, आणि लाकडावर त्याचा पातळ हात फिरवला की ते हळूहळू वाळून पृष्ठभाग सुरक्षित करतं. मात्र तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना हे तेल उष्णता सोडतं आणि बोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

पहिला आक्षेप स्वच्छतेचा, आणि तो अगदी रास्त आहे. जुन्या पलंगासोबत ढेकूण घरात आले तर सगळी बचत औषधांत जाते. पण ढेकणाचं मर्म उष्णतेत आहे. पन्नास अंशांच्या आसपासच्या तापमानात ढेकूण आणि त्यांची अंडी टिकत नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात भर दुपारी उन्हात टाकलेलं लोखंड त्याहून अधिक तापतं. पलंग सुटा करून, फळ्या उलटसुलट करत उन्हात तापवावा आणि लोखंडी सांध्यांत उकळतं पाणी ओतावं. लाकडी सामानाच्या फटी उन्हासोबत योग्य औषधानेही साफ कराव्यात. फोमची जुनी गादी आणि कापडाने मढवलेला जुना सोफा मात्र घेऊच नये, कारण आत काय दडलंय ते दिसत नाही. कापसाच्या गादीची गोष्ट वेगळी. घरचा कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घेऊन नव्या खोळीत भरण्याची रीत या कापसाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणखी एक काळजी रंगाची. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा पाळणा किंवा खाट कोरडी घासू नये, कारण ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. रंग ओला करून, मुलांपासून दूर, बाहेर काढावा. रंग जुना आणि निघण्यासारखा नसेल तर ती वस्तू मुलांसाठी वापरू नये.

दुसरा आक्षेप लोकांच्या नजरेचा आहे, आणि तो मनाला जास्त लागतो. लेकीच्या लग्नात पलंग, गादी, कपाट, ड्रेसिंग टेबल असं आंदण देण्याची चाल आहे. त्यात जुनी वस्तू दिली तर मुलीची मान खाली जाईल, असं बापाला वाटतं. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे, तरी मांडवात मांडलेल्या सामानावर पाहुण्यांचा डोळा असतो. बापाची ही भीती खोटी नाही. पण तिच्यापायी काढलेलं कर्ज लेकीच्या सुखाला काय हातभार लावतं? लग्नानंतर दोन-तीन पावसाळ्यांत फुगलेलं कपाट सासरीही अडगळच ठरतं. त्यापेक्षा सुताराकडून नवं करून घेतलेला सागवानी पलंग आणि उरलेली रक्कम मुलीच्या नावावर ठेवीत, हे आंदण तिला जास्त दिवस साथ देईल. कोणी दुसरी शंका काढतात, की परक्या घरातली खाट अशुभ असते, कोण तिच्यावर वारलं असेल कोणास ठाऊक. ज्याचं मन यात अडकतं त्याने पलंग न घेता टेबल, कपाट, मांडणी घ्यावी. मनाविरुद्ध घेतलेली वस्तू घरात सुख देत नाही. मात्र आजोबांच्या पेटीला आणि पणजीच्या पाटाला आपण जपतो, तेव्हा लाकडाला वय असणं हा दोष नाही हे आपण मान्यच केलेलं असतं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: हप्त्यावर नवी वस्तू लगेच मिळते, जुन्या वस्तूसाठी शोध, टेम्पोचं भाडं आणि दुरुस्ती. हिशेब करताना हे खर्च जरूर धरावेत, आणि भाडं वस्तूच्या किमतीच्या जवळ जात असेल तर ती सोडावी. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एकच गाडी केली तर भाडं विभागलं जातं. वेळ लागतो हे खरं. पण घर एका दिवसात सजवायची सक्ती नसते. यंदा भिंतींच्या भेगा बुजवून चुना द्यावा, पुढे एक कपाट, मग दिवाण, अशा क्रमाने गेलं तर प्रत्येक वस्तू रोखीने येते. हप्ता मात्र पाऊस पडो न पडो, दर महिन्याला दारात उभा असतो. शिवाय दुरुस्तीचा पैसा गावच्या सुताराच्या, पिंजाऱ्याच्या, वेल्डिंगवाल्याच्या घरात जातो आणि त्यांची कला टिकते. तयार फर्निचरचा पैसा बाहेर जातो तसा तो गाव सोडून जात नाही.

जुनं वापरणं म्हणजे मागासलेपण, असं मानणाऱ्यांनी सधन देशांकडेही पाहावं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबाप्रमाणे २०१८ मध्ये तिथे सुमारे १ कोटी २० लाख टन फर्निचर कचऱ्यात गेलं आणि त्यातलं बहुतेक जमिनीत गाडलं गेलं. स्वीडनमधल्या एस्किलस्टुना शहरात २०१५ मध्ये मुख्यतः जुन्या, दुरुस्त केलेल्या वस्तू विकणारा एक अख्खा मॉल सुरू झाला. पैसा असलेले लोक जे आता शिकत आहेत, ते आपल्या सुतारांच्या आणि पिंजाऱ्यांच्या हातात आधीपासून आहे. म्हणून येत्या दिवाळीत घर आवरायला काढाल तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी गावात एकदा विचारून बघा: कुणाचं माळवद उतरतंय, कुणाची बदली झालीय, कुठल्या शाळेचं सामान लिलावात निघालंय. भक्कम वस्तू रोखीने घ्या, सुताराला काम द्या, आणि वाचलेला पैसा पुढच्या पेरणीसाठी गाठीला ठेवा.