पक्षाघातानंतर हात किती सुधारेल? स्नायूंच्या मोजणीचे साहाय्य

पेडणे तालुक्यातील काजू बागायतदार असो वा डिचोलीच्या खाणपट्ट्यातील कामगार, पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाच्या घरी पहिला प्रश्न एकच असतो: हात पुन्हा कामाला येईल काय? पूर्वी याचे उत्तर बव्हंशी अनुभवावर व अंदाजावर दिले जात असे. आता पहिल्या काही दिवसांतील स्नायूंच्या बळाच्या मोजणीचा त्यासाठी चांगला आधार मिळतो.

पक्षाघातात मूळ बिघाड स्नायूंत नसून मेंदूत असतो. रक्तवाहिनी तुंबल्याने अथवा फुटल्याने मेंदूच्या एका भागास इजा होते आणि तेथून हातापायांकडे जाणारे संदेश थांबतात. संदेशांची वाट थोडी जरी शाबूत असली तरी तिची खूण स्नायूंच्या हालचालीत दिसते.

या मोजणीस यंत्र लागत नाही. हालचाल मुळीच नसल्यास ०, स्नायू केवळ फुरफुरल्यास १, हाताचा भार आधारावर घेतल्यावरच हालचाल झाल्यास २, हाताचा भार पेलून झाल्यास ३, थोडा विरोध सोसून झाल्यास ४ आणि पूर्ण बळ असल्यास ५ असे गुण तज्ज्ञ देतात. खांदा बाजूला उचलणे व बोटे सरळ करणे या दोन हालचालींच्या गुणांची बेरीज केली जाते. न्यूझीलंडमधील पद्धतीनुसार, तीन दिवसांच्या आत ही बेरीज ५ वा अधिक असून रुग्णाचे वय ८० वर्षांखाली असल्यास हात उत्तम सुधारण्याची शक्यता मोठी असते.

नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी या दोन्ही हालचाली थोड्या तरी करू शकणाऱ्यांना सहा महिन्यांनी हाताचा काही उपयोग परत मिळण्याची शक्यता ९८ टक्के, तर न करू शकणाऱ्यांना २५ टक्के आढळली. म्हणजे शून्य गुण हा अंतिम निकाल नव्हे; अशा चौघांपैकी एकास तरी आशा उरते. शिवाय हे आकडे हाताविषयीचे आहेत. चालण्याचा व बोलण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

गुण कमी असल्यास कुटुंबाने निराश होऊन व्यायाम सोडू नये, तसेच गुण चांगले म्हणून आळसही करू नये. लुळा हात धरून रुग्णास ओढू नये. त्यामुळे खांद्यास इजा होते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयातून घरी परतताना हे गुण कागदावर नोंदवून मागावेत, म्हणजे तालुक्यातील आरोग्य केंद्रात पुढील उपचारांची दिशा ठरविणे सोपे जाईल.

तथापि, मोजणीपेक्षाही मोलाचा असतो तो वेळ. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे वा बोबडी वळणे ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तवाहिनी तुंबली असल्यास गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती वाड्यावाड्यांवर पोहोचविल्यास अनेकांचे हात वाचतील.