पोटरीतील रग आणि मर्दनाचा उपयोग

निगडी-प्राधिकरणातील रुंद रस्ते आणि दुर्गा टेकडीची चढण-उतरण यांमुळे पिंपरी-चिंचवडच्या या भागात पहाटे धावणाऱ्यांची चांगली सोय झाली असून, त्यांत भोसरी, पिंपरी आणि चाकण येथील कारखान्यांत पाळीवर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांचाही समावेश असतो. पुण्यात १९८३ पासून सुरू झालेली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, मुंबईत २००४ पासून होणारी मॅरेथॉन आणि साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन या शर्यतींमुळे, एरवी फक्त चालायला बाहेर पडणारी माणसेही २१ किंवा ४२ किलोमीटरांची तयारी करू लागली, आणि त्याबरोबर दुखऱ्या पायांना मर्दनाचा, म्हणजेच मालिशचा, नेमका किती उपयोग होतो हा प्रश्नही घरोघरी आला.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम पाय का दुखतात हे पाहावे लागते. दुर्गा टेकडी चढताना दम लागतो, परंतु दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांडीला जी कळ येते ती बहुधा आदल्या दिवशीच्या उतरणीची असते. उतारावर पाऊल टेकले की गुडघा किंचित वाकतो आणि मांडीच्या पुढील बाजूचा स्नायू शरीराचा भार रोखून धरत असतानाच लांबत जातो. आकुंचन आणि ताण एकाच वेळी सोसावे लागल्याने त्यातील अतिसूक्ष्म तंतूंना इजा होते, तेथे दाह निर्माण होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी शरीराची रासायनिक यंत्रणा कामाला लागते, आणि त्या भागातील वेदनावाहक चेतातंतू अधिक संवेदनशील होतात. ही रग धावल्यावर लगेच जाणवत नाही. ती साधारण २४ तासांनी सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, म्हणून तिला विलंबित स्नायुवेदना म्हटले जाते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच तिचे वर्णन करून स्नायूच्या आतील इजेकडे लक्ष वेधले होते.

असे असूनही पायांत ‘लॅक्टिक ॲसिड साचते’ आणि मालिशने ते ‘निघून जाते’ ही समजूत धावणाऱ्यांत फार खोलवर रुजलेली आहे. वास्तविक जोराच्या श्रमात तयार होणारे लॅक्टेट हे शरीराचे इंधनही असते. हृदय आणि इतर स्नायू ते वापरतात, यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवते, आणि श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील त्याचे प्रमाण पूर्ववत होते, त्यामुळे दोन दिवसांनी दुखणाऱ्या पोटरीचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात मूठ आवळण्याच्या श्रमानंतर हाताला मालिश करून पाहिले असता, दाबामुळे स्नायूतील रक्तप्रवाह उलट अडखळतो आणि हे द्रव्य बाहेर पडण्यास मदत होण्याऐवजी अडथळा येतो, असे २०१० मध्ये दिसून आले. ही समजूत सोडून दिल्याने मर्दनाचे महत्त्व कमी होत नाही, कारण त्याचा खरा परिणाम अन्यत्र आहे.

तळव्याने हलके चोळणे, स्नायू चिमटीत धरून मळणे, अंगठ्याने एका जागी दाबून धरणे आणि थापटणे या क्रियांमुळे त्वचा व स्नायू यांतील स्पर्शग्राही चेतातंतू उद्दीपित होतात आणि मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचे संदेश काही प्रमाणात दबले जातात. स्नायूचा अनावश्यक ताण उतरतो आणि श्वास संथ होतो. पेशींच्या पातळीवरही काही घडते असे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१२ मधील प्रयोगाने सुचवले. त्यात ११ तरुणांनी थकून जाईपर्यंत सायकल चालवल्यानंतर त्यांच्या एकाच पायाला १० मिनिटे मालिश करण्यात आले व दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे नमुने तपासण्यात आले, तेव्हा मालिश केलेल्या पायात दाहाचे संकेत कमी आणि पेशींतील ऊर्जाकेंद्रांच्या वाढीशी निगडित संकेत अधिक आढळले, मात्र लॅक्टेटच्या प्रमाणात फरक नव्हता. प्रयोग लहान होता, हे विसरता कामा नये. इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये २९ अभ्यासांचा, म्हणजे १,०१२ व्यक्तींवरील नोंदींचा, एकत्रित आढावा घेतला. त्यात मालिशने वेग, ताकद किंवा दमसास वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, परंतु विलंबित स्नायुवेदना आणि लवचिकता यांत अल्प, तरीही स्पष्ट सुधारणा दिसली. मर्दनाने शर्यतीची वेळ सुधारत नाही. पुढच्या सरावाला मोकळ्या पायांनी आणि उत्साहाने उभे राहता येते, आणि महिनोन्महिने चालणाऱ्या तयारीत हे सातत्यच निर्णायक ठरते.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. तालमींत कुस्तीच्या मेहनतीनंतर एकमेकांचे अंग रगडून देण्याची रीत आहे, आणि देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामी येते तेव्हा वारकऱ्यांचे पाय तेल लावून चेपून देणे ही सेवा मानली जाते. मांडी घालून बसलेला सेवेकरी थकलेले पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतो, टाचेकडून गुडघ्याकडे पोटरी निपटत नेतो, तळव्याच्या कमानीत अंगठा फिरवतो. एका रात्रीत ऊती भरून येत नसल्या तरी दुखणे सौम्य होते आणि दुसऱ्या दिवशीची वाट चालता येते. धावपटूला मर्दनाकडून जे मिळते ते याच जातीचे असते, आणि ते क्षुल्लक नाही.

वेळेचे गणित मात्र सांभाळावे लागते. दाबून केलेले खोल मर्दन स्वतःच स्नायूला थोडे दुखावते, म्हणून ते शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी उरकावे आणि आदल्या दिवशी हलक्या हाताने चोळण्यापलीकडे जाऊ नये. शर्यतीनंतर पहिल्या दिवशीही हात हलकाच असावा आणि खोल दाबाला दोन दिवस थांबावे. सरावाच्या काळात आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा मालिश पुरते, आणि रोजच्या रोज तिळाच्या तेलाने स्वतःच पोटऱ्या चोळणे किंवा फोम रोलरवर मांड्या फिरवणे यांनीही बराच लाभ होतो. जुळणी-साखळीवर आठ तास उभे राहून काम करणाऱ्या कामगाराच्या पोटऱ्या धावण्याआधीच थकलेल्या असतात. अशा व्यक्तीने रात्रपाळी संपवून थेट धावायला जाणे आणि नंतर मालिशने भरपाई करू पाहणे हा मार्ग चुकीचा आहे, कारण ऊतींची दुरुस्ती मुख्यतः झोप आणि आहार यांवर अवलंबून असते.

काही दुखण्यांना हात लावणेच धोक्याचे असते. नडगीच्या हाडावर बोटाच्या टोकाएवढ्या जागी कळ येत असेल आणि ती धावताना वाढत जात असेल, तर ताणामुळे हाडाला चीर पडल्याची शक्यता असते. स्नायू फाटून अचानक सूज किंवा निळसर डाग आला असेल तर पहिले काही दिवस रगडणे टाळावे. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी होणे हे स्नायू मोठ्या प्रमाणात विघटित झाल्याचे व मूत्रपिंडांवर ताण आल्याचे लक्षण असू शकते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी खोल मर्दनापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सर्वांत अधिक सावधगिरी एकाच पोटरीच्या सुजेबाबत हवी. मुंबईची शर्यत संपवून, पुरेसे पाणी न पिता, काही तास बसमध्ये पाय दुमडून निगडीला परतलेल्या धावपटूची एक पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असल्याने अशा पायाला तेल न लावता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.